ज्याला नफा नाही, त्याला सवलत कसली? संशोधनावरील करसवलतीची सत्तर वर्षे

१/
सन १९६६. अमेरिकेत एक संशोधक घरगुती आणि औद्योगिक वापरासाठी कचरा जाळण्याचे नवे यंत्र तयार करत होता. नमुने बनत होते, तपासले जात होते, पण विक्री शून्य होती. एडविन स्नो नावाच्या गृहस्थांनी या उद्योगात १०,००० डॉलर घातले आणि ४ टक्के भागीदारी घेतली. वर्षअखेर भागीदारीला तोटा झाला. स्नो यांनी आपल्या वाट्याचा तोटा करविवरणात दाखवून वजावट मागितली. करखात्याने ती नाकारली. त्या नकारातून निघालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. आजचा थ्रेड त्या वादाचा आणि त्याच्या मागच्या-पुढच्या सत्तर वर्षांचा आहे.

२/
माझे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना ते तपासत जाता येईल. लहान उद्योगांच्या नावाने जन्मलेली संशोधनाची करसवलत दीर्घकाळ लहान उद्योगांच्या हाती फारशी लागलीच नाही. कारण साधे आहे. सवलत करातून मिळणार, कर नफ्यावर लागणार आणि नवे काही शोधू पाहणाऱ्या छोट्या उद्योगाला पहिली काही वर्षे नफाच नसतो. ही अडचण कायदा करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तरीही ती दूर व्हायला साठ वर्षे लागली, आणि दूर झाल्यावर सातच वर्षांत दुसऱ्या दाराने ती परत आली.

३/
आधी दोन शब्द नीट समजून घेऊ: 'वजावट' आणि 'क्रेडिट'. समजा, एका कारखान्याने नव्या यंत्राच्या प्रयोगांवर १०० रुपये खर्च केले आणि कराचा दर ३० टक्के आहे. हा खर्च उत्पन्नातून वजा करू दिला, तर कर ३० रुपयांनी घटतो. ही वजावट. खर्चाच्या २० टक्के रक्कम सरकारने थेट करातूनच कमी करू दिली, तर कर २० रुपयांनी घटतो. हे टॅक्स क्रेडिट. दोहोंची अट एकच: मुळात कर लागू झालेला असला पाहिजे. शून्य करातून काहीही वजा होत नाही.

४/
मराठा मुलखाचे महसुली कागद वाचणाऱ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला 'इस्तावा' मिळे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल वाढवत काही वर्षांनी पूर्ण आकार. ही सवलत पीक हाती आल्यानंतरची. पण ज्याच्याकडे बैल नाहीत आणि बी नाही, त्याला साऱ्यातल्या सुटीचा उपयोग काय? त्याच्यासाठी 'तगाई' होती. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात हाच विचार आहे. कष्टाची ताकद असून बैल-बियाणे नसलेल्या कुणब्याला ते पुरवावे आणि दिलेले मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू परत घ्यावे, अशी त्यात ताकीद आहे. इस्तावा आणि तगाई हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यांची गरज पडेल.

५/
आता अमेरिकेकडे. १९५४ पर्यंत तिथल्या करकायद्यात संशोधनाच्या खर्चाविषयी स्पष्ट तरतूद नव्हती. ज्या मोठ्या कंपन्यांकडे कायमची प्रयोगशाळा आणि पगारी शास्त्रज्ञ होते, त्यांचा संशोधनावरचा खर्च नित्याचा धंद्याचा खर्च म्हणून त्याच वर्षी वजा होई. लहान उद्योजकाकडे 'संशोधन विभाग' नावाची पाटी नसे. त्याच्या प्रयोगांचा खर्च ही भांडवली गुंतवणूक ठरे आणि वजावट अडून राही. काम दोघांचे एकच, पण पाटी असणाऱ्याला सवलत आणि नसणाऱ्याला वाट पाहणे.

६/
१९५४ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत करकायद्याची नवी संहिता आली. तिच्या कलम १७४ ने ही तफावत मिटवली. व्यवसायाच्या 'संदर्भात' केलेला संशोधन आणि प्रयोगांचा खर्च त्याच वर्षी वजा करण्याची मुभा सर्वांना मिळाली. संसदेतील चर्चेत हेतू उघडपणे मांडला गेला होता: प्रस्थापित स्पर्धकांना जे मिळते, ते संशोधन विभाग नसलेल्या छोट्या उद्योगांनाही मिळाले पाहिजे. म्हणजे या सवलतीच्या जन्मपत्रिकेतच लहान उद्योगाचे नाव आहे. पुढचे सारे वाचताना याचा विसर पडू देऊ नका.

७/
आता स्नो यांच्याकडे परत येऊ. करखात्याचे म्हणणे असे: १९६६ मध्ये तुमच्या भागीदारीने काहीच विकले नाही, म्हणजे तुमचा व्यवसाय सुरूच झालेला नव्हता. व्यवसायच नाही, तर व्यवसायाचा खर्च कुठून आला? हा युक्तिवाद कर न्यायालयाने मान्य केला आणि अपील न्यायालयानेही मान्य केला. तर्क वरवर निर्दोष आहे. पण त्याचा अर्थ लावून पाहा. जो अजून शोधतो आहे, त्याला शोध पूर्ण होईपर्यंत शोधाची सवलत नाही!

८/
मे १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल फिरवले. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले. त्यांनी १९५४ च्या चर्चेकडे बोट दाखवले आणि कायद्यातील शब्द तपासले. साध्या धंद्याच्या खर्चाविषयीच्या कलमात 'व्यवसाय चालवताना' असे शब्द आहेत, तर कलम १७४ मध्ये 'व्यवसायाच्या संदर्भात' असे आहेत. हा फरक जाणूनबुजून केलेला आहे, कारण हे कलम होतकरू आणि नव्या उद्योगांसाठीही आहे, असा निष्कर्ष निघाला. स्नो यांना वजावट मिळाली. तोवर त्या यंत्राला पेटंट मिळून ते बाजारातही आले होते.

९/
एका शब्दयोगी अव्ययाएवढ्या फरकाने छोट्या संशोधकाला न्याय मिळाला. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी असे निकाल जरूर वाचावेत. सत्तेचा हेतू भाषणांत शोधायचा असतोच, पण तो खरा उतरतो कलमाच्या शब्दांत. आणि शब्द बदलले की हेतूही बदलतो. नेमके तेच सात वर्षांनी घडले.

१०/
१३ ऑगस्ट १९८१. कॅलिफोर्नियातील डोंगरावरची आपली वाडी, रॅन्चो देल सिएलो. दाट धुक्यात अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी मोठ्या करकपातीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. जपानी मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू अमेरिकन बाजार काबीज करत होत्या, कारखान्यांची उत्पादकता रेंगाळली होती, आणि संशोधनाला चालना दिली नाही तर आपण मागे पडू अशी धास्ती होती. म्हणून या कायद्यात नवी गोष्ट आली: संशोधनावरील टॅक्स क्रेडिट, वाढीव खर्चाच्या २५ टक्के. वजावट होतीच, तिच्यावर ही भर.

११/
आता शब्द पाहा. क्रेडिटसाठी अट घातली गेली की, खर्च 'व्यवसाय चालवताना' झालेला असावा. स्नो यांना ज्या शब्दांमुळे न्याय मिळाला होता, ते 'संदर्भात' इथे नव्हते. म्हणजे १९७४ मध्ये ज्या होतकरू संशोधकाला न्यायालयाने आत घेतले, त्याला १९८१ च्या नव्या आणि अधिक मोलाच्या सवलतीने उंबरठ्याबाहेर ठेवले. हे अनवधानाने झाले नव्हते. केवळ कर वाचवण्यासाठी काढलेल्या कागदी भागीदाऱ्या आत घुसतील, ही भीती त्यामागे होती. भीती अगदीच निराधार नव्हती, पण तिची किंमत मोजली खऱ्या नवोदितांनी.

१२/
दुसरी अट 'वाढीव' या शब्दात होती. मागील ३ वर्षांच्या सरासरीपेक्षा जेवढा जास्त खर्च, तेवढ्यावरच क्रेडिट. ऐकायला योग्य वाटते: जे एरवीही झाले असते, त्याला सरकारने पैसे का द्यावेत? पण हिशेब करून पाहा. यंदा १०० डॉलर जास्त खर्च केले, २५ डॉलर मिळाले. मात्र त्या १०० डॉलरमुळे पुढच्या तीन वर्षांची सरासरी प्रत्येकी सुमारे ३३ डॉलरने वर चढली. खर्च वाढत ठेवणाऱ्या कंपनीचे क्रेडिट त्यामुळे तीनही वर्षे ८ डॉलर ३३ सेंटने कमी झाले. बेरीज करा: २५ आले, २५ गेले. उरला तो फक्त पैसे लवकर हाती आल्याचा फायदा. अर्थतज्ज्ञांनी हा दोष १९८० च्या दशकातच दाखवून दिला होता.

१३/
तिसरी अट न लिहिताच लागू होती. क्रेडिट वापरायला कर देय हवा. नसेल तर ते पुढे १५ वर्षे ओढता येई. कागदावर ही उदारता आहे. प्रत्यक्षात, ज्या उद्योगाचा पुढच्या महिन्याचा पगार कसा द्यायचा हे ठरलेले नाही, त्याला सरकार सांगते की, तू तगलास आणि नफ्यात आलास, तर तुला हे मिळेल. हा इस्तावा झाला. बैल नसलेल्याला साऱ्यातली सूट. तगाई इथे कुठेच नव्हती.

१४/
निष्पक्षपणे सांगायचे, तर दुरुस्त्या होत गेल्या. १९८६ मध्ये दर २० टक्क्यांवर आला आणि 'संशोधन' कशाला म्हणावे याची व्याख्या घट्ट झाली. १९८९ मध्ये दोन महत्त्वाचे बदल झाले. सरासरीचा तो सापळा काढून टाकला गेला. आणि भविष्यात व्यवसाय करण्याच्या मुख्य हेतूने स्वतः संशोधन करणाऱ्या नवोदितालाही क्रेडिटचा हक्क मिळाला. स्नो यांनी १९७४ मध्ये जे मिळवले होते आणि १९८१ मध्ये जे निसटले होते, त्याचा काही भाग १५ वर्षांनी परत आला. पण कर देय नसेल तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

१५/
शिवाय सवलत तात्पुरती होती. १९८१ ची तरतूद १९८५ अखेर संपणार होती. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. २०१५ पर्यंत पंधराहून अधिक मुदतवाढी झाल्या. कित्येकदा सवलत आधी संपे आणि महिन्यांनंतर मागील तारखेपासून जिवंत केली जाई. एकदा तेही झाले नाही: १ जुलै १९९५ ते ३० जून १९९६ हे पूर्ण वर्ष कोरडे गेले. मोठ्या कंपन्यांचे करसल्लागार आणि राजधानीतले प्रतिनिधी 'सवलत येणारच' हे गृहीत धरून नियोजन करू शकत. पाच माणसांच्या कारखान्याला तसे गृहीत धरणे परवडत नाही. अनिश्चिततेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याची गंगाजळी लहान, त्याच्यावर तो अधिक पडतो.

१६/
१८ डिसेंबर २०१५ रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या स्वाक्षरीने क्रेडिट कायमचे झाले. आणि माझ्या मते याहून मोठी गोष्ट त्याच कायद्याच्या पोटात होती. ज्यांची वार्षिक उलाढाल ५० लाख डॉलरपेक्षा कमी आहे आणि ज्यांना उलाढाल सुरू होऊन पाच वर्षांहून अधिक काळ झालेला नाही, अशा उद्योगांना हे क्रेडिट आयकराऐवजी पगारावरील सामाजिक सुरक्षा कराच्या मालकाच्या हिश्शातून वळते करता येऊ लागले. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर.

१७/
यात काय साधले? नफा नसला, तरी पगार द्यावाच लागतो, आणि पगार दिला की त्यावरचा करही भरावाच लागतो. म्हणजे तोट्यातल्या उद्योगाकडेही एक देय कर असतो. सवलत त्या कराला जोडली आणि प्रथमच ती योग्य वेळी योग्य हातात पडली. युक्ती इतकी सोपी आहे की, ती १९८१ मध्ये का सुचली नाही असा प्रश्न पडतो. २०२२ च्या कायद्याने ही मर्यादा ५ लाख डॉलरपर्यंत, म्हणजे दुप्पट केली. इस्ताव्याची किंचित तगाई झाली.

१८/
पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे जाते, तेही पाहा. २०१७ च्या मोठ्या करकपातीत कंपन्यांचा दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला गेला. हिशेब जुळवण्यासाठी एक कलम घातले गेले: २०२२ पासून संशोधनाचा खर्च त्याच वर्षी वजा करता येणार नाही, देशातला खर्च ५ वर्षांत आणि परदेशातला १५ वर्षांत विभागून वजा करावा लागेल. सॉफ्टवेअर घडवण्याचा खर्चही त्यातच. १९५४ पासून चालत आलेली मूळ वजावट अशी मोडली गेली. तरतूद लागू व्हायला चार वर्षे होती आणि तोवर संसद ती मागे घेईल असा अनेकांचा होरा होता. ती मागे घेतली गेली नाही.

१९/
एक उदाहरण मांडतो. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची वर्षाची कमाई १० लाख डॉलर आणि प्रोग्रामरांचे पगार १० लाख डॉलर. नफा शून्य. जुन्या नियमाने कर शून्य. नव्या नियमाने पहिल्या वर्षी या पगारांचा फक्त दहावा भाग, म्हणजे १ लाख वजा होणार, कारण पहिले वर्ष अर्धेच धरले जाते. कागदोपत्री नफा ९ लाख डॉलर. त्यावर २१ टक्के दराने कर १ लाख ८९ हजार डॉलर. तिजोरीत एक डॉलर शिल्लक नाही आणि करमागणी जवळजवळ दोन लाखांची! मोठी कंपनी हा फटका साठलेल्या पैशांतून सोसते. लहान कंपनी माणसे कमी करते किंवा कर्ज काढते.

२०/
४ जुलै २०२५ रोजी हे कलम बदलले गेले. देशातील संशोधनाचा खर्च पुन्हा त्याच वर्षी वजा होऊ लागला. आणि सरासरी वार्षिक उलाढाल ३ कोटी १० लाख डॉलरपर्यंत असलेल्या उद्योगांना २०२२ पासूनची विवरणपत्रेही दुरुस्त करून घेण्याची मुभा मिळाली. चूक झाली होती, याची ही कबुलीच म्हणायची. पण मधल्या तीन वर्षांत जे उद्योग बंद पडले, त्यांना मागील तारखेचा न्याय लागू होत नाही.

२१/
आता प्रतिपक्षाचे म्हणणे. 'लहानांना रोख द्या म्हणणे सोपे आहे, त्यातून लूट होते.' खरे आहे, आणि त्याचा दाखला कॅनडाने दिला. १९८३ च्या अर्थसंकल्पात तिथे अशी योजना आली की, संशोधन करणाऱ्या कंपनीने आपले क्रेडिट गुंतवणूकदाराला विकावे आणि आलेल्या पैशात संशोधन करावे. क्रेडिट आधी, संशोधन नंतर. परिणाम काय व्हायचा, तो झाला. क्रेडिट विकले गेले, अनेक ठिकाणी संशोधन झालेच नाही आणि सरकारी तिजोरीचे अब्जावधी डॉलर गेले. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये योजनेला लगाम घालावा लागला आणि पुढच्या वर्षी ती रद्द झाली.

२२/
ब्रिटनचा अनुभव अधिक अलीकडचा. तिथे २००० सालापासून लहान-मध्यम कंपन्यांना तोट्यात असतानाही रोख परतावा मिळत होता. हेतू उत्तम. पण २०२०-२१ या वर्षासाठी तिथल्या करखात्यानेच केलेल्या अंदाजानुसार, लहान-मध्यम कंपन्यांच्या योजनेतील सुमारे २४ टक्के रक्कम चुकीच्या किंवा खोट्या दाव्यांपोटी गेली होती. 'तुमचे काम संशोधनच आहे, दावा आम्ही करून देतो, टक्केवारी द्या' असे सांगणाऱ्या सल्लागारांचे पेव फुटले होते. मग सरकारने दर घटवले, अटी वाढवल्या आणि एप्रिल २०२४ पासून बहुतेक कंपन्यांसाठी दोन्ही योजना एकत्र केल्या.

२३/
तरीही या दोन उदाहरणांतून 'रोख मदत नको' हा निष्कर्ष निघत नाही. कॅनडाने १९८५ नंतर मदत बंद केली नाही, क्रम बदलला. संशोधन आधी, क्रेडिट नंतर, पण लहान देशी कंपन्यांना ते रोखीने. ब्रिटनमध्ये २००८ साली 'लहान-मध्यम' या व्याख्येची मर्यादा २५० कर्मचाऱ्यांवरून ५०० वर नेली गेली. नव्याने पात्र झालेल्या कंपन्यांचा अर्थतज्ज्ञांनी पुढे अभ्यास केला, तेव्हा त्यांचा संशोधनखर्च आणि पेटंट दोन्ही वाढल्याचे आढळले. तगाईतही बुडीत असतेच. म्हणून कोणी शहाणा कारभारी तगाई बंद करून गाव ओसाड पडू देत नाही. तो पाहणी कडक करतो.

२४/
पाहणी कडक करताना मात्र एक भान हवे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील सीमर मिलिंग या पिठाच्या गिरणी कंपनीने २०११ आणि २०१२ या वर्षांसाठी क्रेडिट मागितले होते. गव्हाच्या नव्या वाणांवर आणि पिठावरील प्रक्रियेवर प्रयोग केल्याचा तिचा दावा होता. २०१९ मध्ये कर न्यायालयाने तो फेटाळला, कारण प्रयोग पद्धतशीर झाल्याचे सिद्ध करणाऱ्या नोंदी पुरेशा नव्हत्या. न्यायालयाने कायद्याला धरूनच निर्णय दिला. पण यातून लहान उद्योगाने काय समजायचे? यंत्रावर घाम गाळताना रोज वही लिहिणारा माणूस वेगळा ठेवावा लागतो, आणि तो ठेवणे मोठ्यांनाच परवडते. १९५४ मध्ये पाटी लागत होती, आता वही लागते.

२५/
आता आपल्याकडे वळू, कारण आपल्या कायद्याने या बाबतीत एक गोष्ट अमेरिकेच्या बरोबरीने केली होती. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ मध्ये, व्यवसाय सुरू होण्याआधीच्या ३ वर्षांतील संशोधकांचे पगार आणि साहित्य यांचा खर्च व्यवसाय सुरू झालेल्या वर्षी वजा करण्याची सोय झाली. ती १ एप्रिल १९७३ पासूनच्या खर्चाला लागू होती. स्नो यांचा निकाल १९७४ चा! तिकडे जे न्यायालयाकडून भांडून मिळवावे लागले, ते इकडे कायद्यातच लिहिले गेले. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

२६/
पुढे मात्र वाट बदलली. १९९७ च्या वित्त कायद्याने अधिक मोठी सवलत आणली. स्वतःच्या प्रयोगशाळेत केलेल्या खर्चाच्या १२५ टक्के वजावट, म्हणजे १०० खर्च करून १२५ वजा. नंतर ती १५० टक्के झाली, २०१० मध्ये २०० टक्के. आरंभी ती औषधे, इलेक्ट्रॉनिक्स, रसायने अशा निवडक क्षेत्रांपुरती होती, २००९ मध्ये जवळपास सर्व उत्पादनांना खुली झाली. २०१७ पासून पुन्हा १५० आणि २०२० पासून १०० टक्के, म्हणजे विशेष लाभ संपला. या चढउतारांत एक शब्द कायम होता: 'कंपनी'. शिवाय प्रयोगशाळेला केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता हवी होती.

२७/
शिरोलीतल्या ओतकामाच्या कारखान्याचा किंवा इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या वर्कशॉपचा विचार करा. असे अनेक कारखाने एकट्या मालकाच्या नावावर किंवा भागीदारीत चालतात. मालक स्वतः वाळूचे मिश्रण बदलून पाहतो, साचा बदलतो, दहा नग वाया घालवून अकरावा जमवतो. हे संशोधनच आहे. पण तो 'कंपनी' नाही आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे भट्टीशेजारचा ओटा. दोनशे टक्क्यांच्या काळातही ती सवलत त्याची नव्हती. वाया गेलेल्या दहा नगांचा हिशेब त्याने संशोधनाच्या नव्हे, नुकसानीच्या खात्यात लिहिला.

२८/
म्हणून नव्या सवलतीची घोषणा होईल, तेव्हा टक्केवारी किती हे शेवटी पाहा. आधी कलम काढून वाचा. त्यात माणूस कोणत्या नावाने येतो: कंपनी, उद्योग, की करदाता? पैसे कधी हाती येतात: नफा झाल्यावर, की प्रयोग झाल्यावर? पुरावा काय मागितला आहे, आणि तो भट्टीशेजारच्या ओट्यावर बसून देता येईल का? आणि मुदत किती आहे? ही उत्तरे प्रतिकूल असतील, तर २०० टक्क्यांचा आकडा ज्याला त्याची गरज नाही त्याच्यासाठीच छापलेला आहे, असे खुशाल समजावे.

२९/
माझा आग्रह एवढाच आहे की, लहानांसाठीची संशोधन-सवलत नफ्याशी जोडू नये. ती पगाराशी जोडावी, जसे अमेरिकेने २०१५ मध्ये केले, किंवा काम झाल्यावर रोख द्यावी, जसे कॅनडाने धडा घेतल्यावर केले. नोंदींचा नमुना दोन पानांचा ठेवावा. रक्कम लहान ठेवा हवी तर, पण ती वेळेवर आणि दरवर्षी द्या. आणि फसवणूक पकडायची असेल, तर शोध त्या टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थापासून सुरू करा.

३०/
कचरा जाळणाऱ्या त्या यंत्राने जगात काही क्रांती घडवली नाही. बहुतेक शोध तशी ती घडवत नाहीत. पण त्याच्या निमित्ताने एका न्यायालयाने मान्य केले की, जो अजून विकत नाही, नुसता शोधतो आहे, तोही उद्योजकच आहे. ते तत्त्व एका निकालाने आले, एका शब्दाने गेले, तुकड्या-तुकड्यांनी परत आले आणि आजही अर्धेच हाती आहे. रामाजी अनंतांना जे पत्रातून बजावले गेले, ते आजच्या अर्थमंत्र्यांनाही लागू आहे: बैल आधी लागतात, पीक नंतर येते.

इथे थांबतो. थ्रेड उपयुक्त वाटला, तर पहिले ट्विट पुढे पाठवा. आणि तुमच्या घरात वा ओळखीत असे वर्कशॉप असेल, तर तिथल्या वाया गेलेल्या नगांची गोष्ट खाली जरूर लिहा. तोही आपला औद्योगिक इतिहासच आहे.